प्रमिलाताईची काचेची खोली

सिगारेट ओढणाऱ्यांची बाजू घेऊन भांडणारी, पण स्वतः सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. प्रमिला ढोले. नागपूरच्या सदर भागात खाली तिचं हॉटेल आणि वरच्या मजल्यावर माझं शिवणकामाचं दुकान. वर दुपारी छत असं तापायचं की मशीनला हात लावला तर चटका बसायचा, आणि खाली तिच्याकडे एसी. म्हणून दुपारचं जेवण मी तिच्याकडेच करायची. आमचं फार जमायचं असं काही नाही. रोज भांडायचो. पण रोज भांडायला हक्काचं माणूस लागतं, तेवढं आम्ही एकमेकींना नक्की होतो.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. ज्या कायद्याशी ती भांडली तो अजून आलेलाच नाही, येणार येणार म्हणतात नुसतं. तिच्या तेरवीच्या जेवणात एका बाजूला हॉटेलवाले बसले होते, दुसऱ्या बाजूला तिच्या मुलीच्या दवाखान्यातली डॉक्टर मंडळी. हॉटेलवाले म्हणत होते, काकू बरोबर होती. डॉक्टर काही म्हणत नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. मी मधे बसून बुंदी चिवडत होते. मला विचाराल तर मी आधीपासून कायद्याच्या बाजूची. धूर मला सहन होत नाही, डोकं उठतं. तरी त्या दिवशी मला कुणाचंच म्हणणं पटेना, आणि आजही पटत नाही.

आधी तिची ती खोली सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठ्या हॉटेलात वेगळी बंद खोली असेल तर तिथं सिगारेट ओढायला आपल्याकडे कायद्यानं मुभा आहे. प्रमिलाताईनं हॉटेलच्या मागच्या अंगाला अशी खोली काढली होती. दोन बाजूंनी भिंत, दोन बाजूंनी काच, वर धूर ओढणारा पंखा, आत स्टुलं आणि पाणी घातलेल्या स्टीलच्या वाट्या, राख झाडायला. खोली बांधणारा कारागीर म्हणाला होता, "काकू, काचेले दुधी कागद लावून देऊ का? बाहेरून दिसाले बरं नाही वाटत." तर ही म्हणाली, "कागद कायले? मले दिसलं पाहिजे ना!" गल्ल्यावरून मान वळवली की सरळ आत दिसायचं. आत बसलेला माणूस म्हणजे अगदी दुकानातल्या बरणीतली गोळी.

गिऱ्हाईक तिचं ठरलेलं. कोर्टातले वकील, आसपासच्या ऑफिसांतले साहेब, लकडगंजातले लाकडाचे व्यापारी. काटोलहून संत्र्याचे व्यापारी एसटीनं यायचे, बँकेची नाही तर कोर्टाची कामं उरकायचे आणि तिच्याकडे पाटवडी रस्सा ओरपायचे. त्यातले एक गाखरेभाऊ. गोल, घामट, गरीब स्वभावाचा माणूस. जेवण झालं की खाली मान घालून काचेच्या खोलीत जायचे, जणू पाहुण्याच्या घरी संडास विचारून राहिले.

आणि मग प्रमिलाताईचा कारभार सुरू व्हायचा. कुणी दुसरी सिगारेट पेटवली की ती उठून काचेवर बांगड्या वाजवायची. एकदा एका तरुण वकिलानं दार उघडून तिला कायदा शिकवला. "काकू, ही स्मोकिंग रूम आहे. माझा हक्क आहे इथं."

"एकीचा आहे ना बाप्पा. ओढली ना तू ते? दुसरीले माझी परवानगी लागते. विझव."

वकिलानं विझवली. आधी ओशाळला, मग हसला आणि पुढच्या आठवड्यात दोन मित्र घेऊन आला.

एकदा कॉलेजचे दोन पोट्टे आले, दाढ्या कोरलेले, गॉगल डोक्यावर. ही काचेच्या खोलीच्या दारातच उभी. "आधार दाखव." एकानं दाखवलं. दुसरा म्हणे घरी राहिलं. "मग बापाले फोन लाव. मी विचारते तुझं वय." तो असा पळाला की मागवलेला डोसा रामदास वेटरनं खाल्ला. हसून हसून माझा भात नाकात गेला होता.

मी तिला म्हणायची, "इतकं करतेस, तर ती खोलीच बंद कर ना! सुंठीवाचून खोकला जाईल."

"बंद केल्यानं बंद होते का वं शैले? बाहेर जाऊन ओढतीन."

"ओढू दे बाहेर. तुला काय करायचं आहे?"

ती फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायची. "जे करायचं ते माझ्या डोळ्यांपुढं करा," हे वाक्य ती सगळ्यांना म्हणायची. रामदासला, गिऱ्हाइकांना, मलासुद्धा. मी एकदा चोरून बर्फी खात होते, मला साखरेचा त्रास आहे, तर म्हणाली, "खा, पण इथं बसून खा."

आता मुख्य गोष्ट. त्या खोलीत ती वेटरला पाऊल टाकू द्यायची नाही. खाणंपिणं तिथं द्यायचं नाही असा नियम होताच, पण राख तर कुणाला तरी उचलावीच लागते. इतर हॉटेलांत पोरं जायची. हिच्याकडे ती स्वतः जायची. दिवसातून कितीतरी वेळा. हातात बादली, नाकाला पदर. आत धुराचा ढग असला तरी शिरायची, वाट्या रिकाम्या करायची, पाणी भरायची, चार माणसांना दोन दोन शब्द सुनवायची आणि खोकत बाहेर यायची.

"रामदासले बायको आहे, दोन पोरी आहेत. त्याची छाती मी काहून खराब करू?" ती म्हणायची.

"आणि तुझी?"

"माझ्या छातीत आता ठेवलंच काय आहे वं खराब व्हायले?"

मास्क लाव म्हटलं तर चष्म्यावर वाफ येते म्हणायची. असल्या बाईशी बोलून काय उपयोग! मी माझं ताट घेऊन दूरच्या टेबलावर जाऊन बसायची.

ती खोली तिनं का काढली, हे सदरमधल्या जुन्या लोकांना अर्धंमुर्धं माहीत होतं. तिचा नवरा, वसंतराव, साधा माणूस. मोठ्यानं बोललेला मी कधी ऐकला नाही. पण सिगारेट सुटायची नाही त्यांच्याच्यानं. आणि मुलगी अश्विनी, तिला लहानपणापासून दमा. थंडी सुरू झाली की पोरीच्या छातीतून शिट्टी वाजायची, मान आत ओढली जायची, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी सांगितलं, घरात धूर नको. प्रमिलाताईनं घरात बंदी केली. पोरगी शाळेतून हॉटेलातच यायची, मागच्या टेबलावर अभ्यास करायची, म्हणून हॉटेलातही बंदी केली. तेव्हा असले कायदे कुणाला ठाऊक नव्हते, हिनं आपल्यापुरता कायदा करून टाकला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून नवऱ्याकडून शपथ घेतली.

वसंतरावांनी शपथ पाळली. घरात नाही, हॉटेलात नाही. आधी दाराबाहेर उभे राहायचे. तिथं गिऱ्हाईक बघतं म्हणून पानठेल्यावर जायला लागले. तिथं ओळखीचे भेटतात, बायकोला सांगतात, म्हणून आणखी पुढं, मागच्या गल्लीत एक दुकान दुपारचं बंद असायचं, त्याच्या ओट्यावर. असा तो माणूस सरकत सरकत गेला.

मे महिन्यातली दुपार होती. आमच्याकडे मेमध्ये बाहेर निघायचं तर डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळूनच, नुसते डोळे उघडे. त्या ओट्यावर वसंतराव तसेच भिंतीला टेकून बसले होते, पांढरा दुपट्टा गुंडाळून. रामदास बर्फ आणायला त्याच गल्लीतून गेला आणि त्याच गल्लीतून आला. सावलीत एक माणूस झोपला आहे, एवढंच त्याला दिसलं. नागपुरात मेच्या दुपारी सावलीत कोण झोपत नाही? ऊन उतरल्यावर दुकानदार शटर उघडायला आला, त्यानं हलवलं, तेव्हा ते कलंडले. रामदास अजून ती गल्ली टाळतो, लांबच्या वळशानं जातो.

अश्विनी तेव्हा बाहेरगावी हॉस्टेलवर डॉक्टरकी शिकत होती. वर्षश्राद्धाला आली तर हॉटेलात काचेची खोली तयार. मी तिथंच होते. पोरगी त्या खोलीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाबा सिगारेटनं गेले, अन् तू सिगारेट ओढायले खोली बांधून राहिली?"

"तुझे बाबा सिगारेटनं नाही गेले," प्रमिलाताई म्हणाली.

"मग कशानं गेले?"

प्रमिलाताई आत स्वयंपाकघरात निघून गेली. मायलेकींचं त्यावर पुढं कधी बोलणं झालं नाही. अश्विनी छातीची डॉक्टर झाली, याच शहरात तिनं दवाखाना काढला, लग्न झालं. पण हॉटेलात आली तर दारापर्यंत. आईची बीपीची गोळी द्यायची, उभ्या उभ्या दोन वाक्यं, की चालली. मला मात्र जिन्यात गाठायची. "शैलामावशी, तिचा खोकला किती दिवसांचा आहे? जेवते का नीट? वजन उतरलं का?" मी जे दिसे ते सांगायची. एक्स-रे काढ म्हणून ती फोनवर आईच्या मागे लागलेली असायची. आई म्हणायची, पाहू.

अशात बातमी आली की कायद्यात दुरुस्ती होणार, हॉटेलांतल्या स्मोकिंग रूम सरसकट बंद. कुणाच्या हरकती असतील तर ऐकायला अधिकारी येणार. हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं कंबर कसली. अध्यक्ष होते एका मोठ्या हॉटेलचे मालक, बोलण्यात गुळगुळीत. ते स्वतः प्रमिलाताईकडे आले. वयस्कर बाई, विधवा, न ओढणारी, तिनं उभं राहून विरोध केला तर वजन पडेल, असा त्यांचा हिशेब. धंदा कसा बुडेल, कामगार कसे बेकार होतील, नागरिकांच्या स्वातंत्र्यावर कसा घाला आहे, असलं भाषण त्यांनी लिहूनच आणलं होतं. प्रमिलाताईनं ते वाचलं आणि म्हणाली, "हे माझं नाही. पण मी येते. मले माझं बोलायचं आहे."

मी तिच्याबरोबर गेले. म्हटलं, निदान घरी सुखरूप आणायला कुणी तरी हवं. हॉल खचाखच भरलेला. एका बाजूला हॉटेलवाले, दुसऱ्या बाजूला कायद्याच्या बाजूचे लोक, शिक्षक, डॉक्टर. डॉक्टरांच्या पहिल्याच रांगेत अश्विनी, मांडीवर कागद घेऊन. प्रमिलाताईला ठाऊक नव्हतं. तिनं मुलीला पाहिलं, मुलीनं तिला पाहिलं. दोघींनी मान फिरवली.

अध्यक्षांचं भाषण छान चाललं होतं. समोरच्या अधिकाऱ्यानं मधेच विचारलं, "त्या खोलीत तुमचे कर्मचारी जातात का? त्यांच्या आरोग्याचं काय?"

"एकही कर्मचारी जात नाही, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "सगळं यंत्रावर आहे."

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. प्रमिलाताई उभी! "खोटं काहून बोलता भाऊ? राख काय आपोआप उठून जाते?"

हॉलभर हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अधिकारीही हसला. मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडे कोण जातं, आई?"

"मी जाते."

"केव्हापासून?"

प्रमिलाताईनं सरळ डॉक्टरांच्या रांगेकडे हात केला. "हिचे बाबा गेले तेव्हापासून."

हशा जिथल्या तिथं थांबला. सगळे अश्विनीकडे बघायला लागले. प्रमिलाताईला माइक दिला गेला, तिनं तो घेतला आणि उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"मले भाषण येत नाही," ती म्हणाली. "सिगारेट वाईट आहे, हे मले तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझी पोट्टी दम्यानं तडफडायची तर मी नवऱ्याले घराबाहेर ओढाले लावलं. बरोबर केलं. आजही तेच करीन. मग पोट्टी मोठी झाली, हॉस्टेलले गेली. घरात धूर झाला तरी आता कोणाले त्रास नव्हता. तरी मी त्याले आत नाही घेतलं. सवयच लागली होती मले त्याले हाकलायची. त्या दिवशी त्याच्या सदऱ्याले वास आला म्हणून मी बोलली, 'जाय, तिकडंच राह्य.' तो गेला. जेवाले आला नाही. मी ताट झाकून ठेवलं अन् फुगून बसली. फोन हातात होता. नाही केला. म्हटलं भूक लागली की येते. तो ओट्यावर मरून पडला होता अन् जग त्याच्या समोरून जाऊन राहिलं होतं."

ती थांबली. खोकला आला. मी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं ढकलली.

"तुम्ही कायदा करान, तर हे सारे रस्त्यावर जातीन. सोडणार कोणीच नाही, नुसते दूर जातीन. भिंतीमागं, गल्लीत, कुठंतरी. कोणाचं काय झालं, कोणाले कळन? माझ्या खोलीत निदान कोणी पडला तर मले दिसते. एवढंच म्हणणं आहे माझं. धंदा गेला चुलीत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई खाली बसली. मला तिचा राग आला होता आणि तिला मिठी मारावीशीही वाटत होती. फोन न केल्याचं तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. रोज समोर बसून जेवत होतो आम्ही!

डॉक्टरांच्या वतीनं अश्विनी बोलणार होती. ती माइकपाशी आली. कागद तसेच हातात. "मी बरंच लिहून आणलं होतं," ती म्हणाली. "ते राहू द्या. त्या खोलीत माझी आई रोज जाते. ती खोली बंद करा." आणि जागेवर न जाता सरळ दाराबाहेर पडली.

आम्ही बाहेर आलो तर पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभी होती. प्रमिलाताई जवळ गेली. अश्विनीनं एवढंच विचारलं, "फोन नाही केलास तू?"

"नाही केला."

पोरगी गाडीत बसली आणि निघून गेली. हॉटेलवाल्यांनी तर तेव्हा तिच्यावर बहिष्कारच टाकला, बाईनं केस घालवली म्हणून; तेरवीला काकू बरोबर होती म्हणणारे तेच हे.

नंतर कितीतरी दिवस मुलीचा फोन नाही, येणं नाही. प्रमिलाताई मोबाइल पदराला पुसायची आणि पुन्हा गल्ल्यावर ठेवायची. "तू लाव की," मी म्हटलं. "लावते, उचलत नाही," म्हणाली.

आणि एका दुपारी अश्विनी आली. ऐन गर्दीची वेळ. दारात थांबली नाही, सरळ आत आली, मागं गेली, मोरीपाशी ठेवलेली बादली उचलली आणि काचेचं दार ढकलून त्या खोलीत शिरली. आत पाचसहा जण होते, गाखरेभाऊही होते. डॉक्टरीण बाई चांगली साडी नेसून त्यांच्या वाट्या रिकाम्या करायला लागली. माणसं घाबरून उभीच राहिली.

"आशू!" प्रमिलाताई ओरडली. "काय करून राहिली वं? बाहेर ये!"

अश्विनीनं सगळ्या वाट्या धुतल्या, पाणी भरलं, मग बाहेर आली. श्वास लागला होता. पर्समधून दम्याचा पंप काढला, तोंडात दोनदा मारला. "आजपासून हे काम माझं," म्हणाली. "तू वेटरला पाठवत नाहीस, त्याची छाती खराब होईल म्हणून. मी तुला पाठवत नाही."

"तुले दमा आहे!"

"मले माहीत आहे. मी डॉक्टर आहे."

"निदान मास्क लाव!"

"तू लावतेस?"

दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही. दवाखाना दुपारी बंद करून यायची, बादली उचलायची. प्रमिलाताई आधी चिडली, मग विनवण्या करायला लागली, मग बादली लपवली. अश्विनीनं स्वयंपाकघरातलं पातेलं घेतलं. मी म्हटलं, "अगं अश्विनी, तुम्ही दोघी वेड्या आहात का?" ती म्हणाली, "मावशी, तुम्ही मधे पडू नका." नाही पडले.

एक दिवस ती बाहेर आली तेव्हा पंपानं भागेना. खुर्चीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. आणि ती शिट्टी ऐकू यायला लागली, ती लहानपणची. सगळं हॉटेल ते ऐकत होतं. प्रमिलाताई तिच्यासमोर जमिनीवर बसली, तिची पाठ चोळत राहिली. "हळू, हळू घे बाळा. नाकानं घे." जणू मधली सगळी वर्षं पुसून गेली होती.

श्वास जरा खाली बसल्यावर प्रमिलाताई उठली. काचेच्या खोलीत जाऊन आतल्या माणसांना म्हणाली, "चला, निघा." पंखा बंद केला, दाराला कुलूप लावलं. अश्विनी डोळे मिटून बसली होती. तिनं पाहिलंसुद्धा नाही.

संघटनेचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी धावत आले. आता हरकत मागे घेताय का, वगैरे. "हरकत तशीच राहू द्या," प्रमिलाताई म्हणाली. "खोली मी माझ्या पोरीसाठी बंद केली. सरकारसाठी नाही. कायदा माझ्या मते चूकच आहे."

त्याच आठवड्यात अश्विनीनं तिला नेऊन एक्स-रे काढला, मग स्कॅन आणि बाकी तपासण्या केल्या. जिन्यात मला भेटली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ होती. उशीर झाला आहे का, मी विचारलं. ती डॉक्टर असल्यामुळे तिला उगाच काही तरी बोलून वेळ मारून नेता आली नाही. प्रमिलाताईलाही तिनं सगळं सांगितलं. बाई म्हणे, "बरं," आणि रामदासला विचारायला लागली, उद्याच्या पाटवडीला बेसन आहे का. खोली आधी बंद झाली असती तर ती वाचली असती का, हे मी अश्विनीला कधी विचारलं नाही. तिनंही स्वतःला ते विचारू नये असं मला वाटतं, पण ती विचारत असणारच.

उपचार सुरू झाले. चांगल्या दिवशी ती हॉटेलात यायचीच. नंतर मी गुडघ्याच्या ऑपरेशनला मुलाकडे पुण्याला गेले. परत आले तेव्हा ती मुलीच्या घरी अंथरुणाला लागलेली होती, ते पाहणं मी पाहण्यात धरत नाही. मी तिला शेवटची पाहिली ती पुण्याला जायच्या आदल्या दिवशी.

मे सुरू होता. मी खिडकीपाशी जेवत होते. गाखरेभाऊ काटोलहून आलेले. जेवण झालं, ते बिचारे चोरासारखे उठले आणि बाहेर रस्त्यावर गेले. काचेची खोली बंद, म्हणून समोरच्या झाडाखाली उभे राहून त्यांनी सिगारेट पेटवली. प्रमिलाताई गल्ल्यावर बसली होती, पिवळी पडलेली, डोक्याला स्कार्फ. ती उठली. मी म्हटलं, "कुठं चाललीस उन्हात?" ऐकायचं नावच नाही. रस्ता ओलांडून गाखरेभाऊंजवळ जाऊन उभी राहिली. ते हातवारे करून तिला जा जा म्हणत होते. ती हलली नाही. त्यांच्या धुरात, उन्हात, कमरेवर हात ठेवून उभी. दुकानांतून लोक बघत होते.

तेवढ्यात अश्विनीची गाडी आली. आईला न्यायला आली होती, उपचाराचा दिवस होता. ती उतरली, तिनं पाहिलं, आणि मला वाटलं, आता रस्त्यातच होतंय भांडण. मी खिडकीची काच सरकवली, मला सगळं ऐकू यायला लागलं.

"आई, आत चल."

"याची होऊ दे. एकटा आहे हा."

अश्विनीनं रुमाल काढून नाकाला लावला. म्हणाली, "तू आत जाऊन बस. मी थांबते यांच्याजवळ."

प्रमिलाताईनं तिच्याकडे बघितलं. आणि चमत्कार म्हणा, तिनं ऐकलं. सावकाश रस्ता ओलांडून आत आली, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. धाप लागली होती. रामदासनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तिनं ग्लास हातात घेतला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. झाडाखाली गाखरेभाऊ सिगारेट लपवत होते, शेजारी अश्विनी घड्याळ बघत उभी होती.

"तिले दमा आहे वं, शैले," ती म्हणाली. पाण्याला तोंडही न लावता ग्लास खाली ठेवला आणि टेबलाला धरून परत उठली.